समाधानाला लिमिट दोन्ही बाजूंनी असतं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत माणूस कधी समाधानी होतो का, या विषयावरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाची हाव संपत नाही, किती मिळालं तरी मन चार दिवसांत पुन्हा होतं तिथं येतं, म्हणून आहे त्यात समाधान मानायला शिकावं. ज्येष्ठ नागरिकांनी तर मागण्यांचं गाठोडं आता खाली ठेवावं, असंही शेवटी लिहिलंय. लेख वाचायला छान आहे. भाषा गुळगुळीत आहे. पण मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला टर्नर आहे. गुळगुळीत जॉब दिसला की हात आपोआप माप घ्यायच्या व्हर्नियरकडं जातो.

पहिलं माप त्या लॉटरीच्या अभ्यासाचं घेतो. अमेरिकेत लॉटरी लागलेली माणसं आणि अपघातात अंग लुळं पडलेली माणसं काही काळानं सारखीच सुखी निघाली, असं लेखात ठोकून दिलंय. माझी नात मानसशास्त्र शिकते. तिला म्हटलं, बघ गं बाई, हे खरं हाय का. तिनं मूळ निबंध शोधून मोबाइलवर वाचून दाखवला. निबंध १९७८ चा. इलिनॉय राज्याची लॉटरी लागलेली २२ माणसं, त्यांच्याच भागातली २२ साधी माणसं आणि अपघातानं अपंग झालेली २९. तुम्ही सध्या किती सुखी आहात, याचं उत्तर शून्य ते पाच या पट्टीवर घेतलेलं. लॉटरीवाल्यांचं सरासरी उत्तर ४, साध्या माणसांचं ३.८२ आणि अपघातवाल्यांचं २.९६.

आता बघा. लॉटरीवाले आणि साधी माणसं यांच्यात फरक किरकोळ, इथवर लेखकाचं बरोबर. पण अपघातवाले पाचाच्या पट्टीवर जवळजवळ एकानं खाली आहेत. आमच्या शॉपमध्ये एवढ्या फरकाला कुणी ‘सारखंच हाय की’ म्हणालं असतं, तर मेस्त्रीनं त्याला त्या दिवशी लेथवरनं उतरवून बर, म्हणजे लोखंडाचा कीस, झाडायला लावली असती. त्र्याहत्तर माणसांवरून सगळ्या मनुष्यजातीबद्दल बोलू नये हे तर आहेच. तरी जे आकडे आहेत ते नीट वाचले, तर ते लेखकाच्या उलट बोलतात. वर आणखी भर पडली तर माणूस फारसा सुखी होत नाही, पण खालून आधार गेला तर दुःखी होतो आणि बराच होतो. वरचं आणि खालचं सारखं नाही. लेखकानं दोन्ही एका तागडीत घातलं आणि मग ज्यांचं खालचं गेलंय त्यांनाच समाधानाचा डोस पाजला. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

माझंच सांगतो. २०१३ साली मी निवृत्त झालो. ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या १९९५ च्या योजनेचं, पेन्शन महिना २,२०० रुपये आणि वर थोडी चिल्लर. ज्यांना हे गणित ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. त्या वेळी पगार कितीही असला तरी ६,५०० च्या वरचा धरत नव्हते. ती मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली, म्हणजे आमची पाठ वळल्यावर. योजना सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ ला, त्यामुळं नोकरीची वर्षंही तिथून पुढची. त्याआधी जी हाडं झिजवली त्याचं वेगळं थोडंसं देतात. महागाई भत्ता नाही. २०१३ ला जेवढे येत होते तेवढेच आज येतात, आणि मी नव्वदीपर्यंत टिकलो तरी नियम हेच राहिले तर तेवढेच येतील. किमान पेन्शन १,००० रुपये ठरलं तेसुद्धा २०१४ ला. देशभरातल्या आम्हा लोकांची मागणी ७,५०० आणि वर महागाई भत्ता, एवढी आहे. २,२०० रुपयांत आमच्या घरी सिलिंडर, लाइटबिल आणि आम्हा दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या बसतात. खाणंपिणं मुलाकडं. मुलगा चांगला आहे, कधी बोलत नाही. पण सत्तरीच्या माणसाला दाढीच्या ब्लेडसाठी पोराकडं बघावं लागतं तेव्हा काय होतं, हे लेखात कुठं आलं नाही.

आम्ही पेन्शनर मंडळी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसलो होतो. उन्हाचा कडाका. सिग्नलला एक गाडी थांबली, काच खाली आली आणि आतला पोरगा, वाईट नव्हता, हसूनच म्हणाला, “आजोबा, आता या वयात कशाला पाहिजेत पैसे? देवाचं नाव घ्या की निवांत.” गाडीला अजून तात्पुरत्या नंबरचा कागद होता. माझ्या शेजारी बसलेल्या एका जुन्या मोल्डरनं, ज्याच्या छातीत फाउंड्रीची धूळ आयुष्यभराची बसलीय, त्याला विचारलं, “भावा, देवाचं नाव घ्यायला फुप्फुसं लागत्यात, औषधाला किती लागत्यात ते इचार.” सिग्नल सुटला. पोरगं गेलं.

समाधान मानायचा सल्ला कायम वरून खाली येतो. खालून वर गेलेला मी तरी ऐकलेला नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, आठव्याची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली. त्यांना मिळू दे, माझी काही हरकत नाही, माझ्या साडूचा मुलगा त्यात आहे. फक्त मधल्या काळात त्या मंडळींना ‘आहे त्यात सुख माना’ असं सांगणारा लेख कुठल्या रविवारच्या पुरवणीत आल्याचं आठवत नाही.

आणि हे आपण कोल्हापुरात बसून बोलतोय, याचं मला जास्त नवल वाटतं. या गावाला जे काही बरं आलंय ते कुणाच्या तरी असमाधानामुळं आलंय. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या लोकांसाठी ठेवायचा हुकूम काढला, तेव्हा ‘ज्याचं त्याचं नशीब’ म्हणून गप्प बसायची चाल शेकडो वर्षांची होती. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत धाडलं नाही तर बापाला महिना एक रुपया दंड. म्हणजे ‘पोरगं गुरं राखतंय, बरं चाललंय की’ असं म्हणणाऱ्या समाधानी बापाला महाराजांनी दंड लावला! एक रुपया त्या काळात थोडा नव्हता. माझे आजोबा राधानगरीकडचे. दंडाच्या भीतीनं शाळेत गेले का आवडीनं, ते कधी कळलं नाही, पण सही करायला शिकले. त्यांची सही असलेला एक कागद घरात आहे, अक्षर वाकडं आहे आणि शाई फार दाबून लावलेली आहे.

धाकट्या भावाचं सांगतो. त्याची गावाकडं ऊसशेती. दर वर्षी जयसिंगपूरला ऊसदरासाठी भरणाऱ्या ऊस परिषदेला जातो. परत आला की बायको विचारते, “ह्या खेपंला तरी मन भरलं का?” तो म्हणतो, “भरलं तर कारखानदार झोपत्याल.” लेखकाला हा माणूस हावरा वाटेल. पण केंद्रानं ठरवलेली एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच तो किमान दर, बघा. २०२३-२४ च्या हंगामाला टनाला ३,१५०, पुढच्या वर्षी ३,४००, २०२५-२६ ला ३,५५०. उसातनं १०.२५ टक्के साखर उतरली तर हा दर, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे शहरातल्या वाचकांना ठाऊक नसतं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, हे केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. तरी ते १४ दिवस पाळले जावेत म्हणून शेतकऱ्याला रस्त्यावर यावं लागलेलं आपण या जिल्ह्यात कितीदा पाहिलं. समाधानी शेतकरी घरात बसला असता तर कायदा कागदावरच राहिला असता.

एवढं लिहिलं म्हणजे मी लेखकाच्या बरोबर दुसऱ्या टोकाला आहे, असा समज होईल. तसं नाही. ‘माणूस कधीच समाधानी होत नाही’ हे वाक्यही मला मान्य नाही, कारण समाधानी माणसं मी पाहिलीत, आणि थोडी थोडकी नाहीत.

आमच्या धंद्यात प्रत्येक ड्रॉइंगवर मापासोबत लिमिट दिलेलं असतं. ५० मिलिमीटरचा शाफ्ट म्हणजे नेमका ५० कधीच होत नाही, जगात कुणाच्या बापाला होत नाही. वर इतकं, खाली इतकं, एक-दोन शतांश मिलिमीटर, त्याच्या आत आला की पास. जास्त राहिला तर बेअरिंगमध्ये जात नाही. तेव्हा शाफ्टला ‘समाधान मान’ म्हणून हातोडीनं ठोकलं तर बेअरिंग फुटतं. आणि लिमिटमध्ये आलेला असताना, आणखी जरा झकास करू म्हणून एक कट जादा घेतला की जॉब भंगारात. नव्या पोरांचे निम्मे जॉब या दुसऱ्या कारणानं जायचे. चांगला टर्नर कोण, तर ज्याला टूल कुठं मागं घ्यायचं ते कळतं तो. पण टूल मागं घ्यायला आधी मापात यावं लागतं. पेन्शनचा आमचा जॉब अजून मापात आलेला नाही, आणि गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफबाजारातल्या, काही गिऱ्हाइकांचा कधीच मापातून खाली गेलाय.

गुजरीचं निघालंच म्हणून सांगतो. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडं, पेठेतलेच आहेत, चांगलं पंधरा-वीस तोळे आहे, सगळं जुन्या भावानं घेतलेलं. खुश असायला पाहिजेत ना? भेटले की कपाळाला हात. “तीस हजारानं मिळत होतं तवा आणखी दहा तोळे घ्यायला पाहिजे होतं!” घरात पडलेल्या सोन्याचा भाव वाढला त्याचं दुःख करणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. अशांसाठी लेखकाचा लेख बरोबर आहे. त्यांना कात्रण नेऊन देणार आहे.

उलट आमच्या गावच्या खानावळीतलं बघा. तांबडा-पांढरा रस्सा आपल्याकडं लागेल तितका वाढतात, मटणाचे तुकडे मोजून. इतकी वर्षं मी जेवणाऱ्यांची ताटं बघतोय. रश्शाच्या वाटीवर माणूस स्वतःच आडवा हात धरतो, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वाटीला. “बास बास.” कुणी त्याला समाधानाचं प्रवचन दिलेलं नसतं. पण मटणाच्या ताटावरनं मी भाऊभाऊ भांडताना पाहिलेत, कुणाच्या ताटात नळी गेली आणि कुणाच्या ताटात नुसतं हाड. मागितलं तर मिळणार आहे याची खात्री असली की माणूस कमी मागतो. मोजून मिळणार म्हटलं की त्याची नजर शेजाऱ्याच्या ताटात जाते. लेखकानं हावरटपणा माणसाच्या रक्तात घातलाय. मला तो वाढप्याच्या हातात दिसतो.

आणखी एक प्रकारचं समाधान असतं, ते लेखकाला बहुतेक ठाऊकच नाही, कारण ते कोल्हापूरचे नसावेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉलचा सामना असला की आमच्या पेठेतला चहाच्या गाड्यावरचा पोऱ्या, ज्याच्याकडं स्वतःची सायकलसुद्धा नाही, आपला संघ जिंकला की आठ दिवस राजासारखा फिरतो. त्या विजयातलं त्याच्या खिशात काय आलं? काही नाही. तिकिटाचे पैसे गेले, घसा गेला, कामाला खाडा झाला. तरी त्याला त्या आठवड्यात काहीसुद्धा नको असतं. हरला की मात्र जेवत नाही, ते सोडा. लॉटरीवाल्यांच्या त्या निबंधात एक गोष्ट आहे, ती मला या पोऱ्यावरून पटली. मित्राशी गप्पा, न्याहारी, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक, असल्या रोजच्या बारीकसारीक गोष्टींतला आनंद लॉटरीवाल्यांना साध्या माणसांपेक्षा कमी वाटला. ३.३३ विरुद्ध ३.८२. लेखकानं नेमकी हीच ओळ गाळली आहे. घेतली असती तर लेख बरा झाला असता.

हप्त्यावरच्या वस्तूंबद्दल लिहिणार होतो, पण ते सगळ्यांनाच दिसतंय. राजारामपुरीत चालत गेलं तर ‘शून्य टक्के व्याज’ वाचत वाचतच पाय दुखतात. ज्यांचा धंदाच लोकांना अपुरं वाटण्यावर चालतो त्यांना सोडून लेखक माणसाच्या स्वभावाला बोल लावतात, एवढंच नोंदवतो.

तर माझं म्हणणं असं. माणूस समाधानी होऊ शकतो, अमुक एका गोष्टीपुरता. मी माझ्या दोन खोल्यांच्या घराबद्दल समाधानी आहे. सायकलबद्दल आहे. रंकाळ्यावर संध्याकाळी जागा मिळते त्याबद्दल आहे. हाताची दहा बोटं शाबूत घेऊन निवृत्त झालो, आमच्या धंद्यात हे सगळ्यांना जमत नाही, त्याबद्दल तर फारच आहे. पेन्शनबद्दल नाही आणि होणारही नाही. ही दोन्ही माणसं माझ्यातच राहतात आणि त्यांचं भांडण होत नाही. सकाळी बागेत हसत बसलेला म्हातारा दुपारी मोर्चात दिसला म्हणून ‘याला नक्की पाहिजे काय’ असं विचारू नये, ही लेखकाला विनंती.

आणि आपल्याला विनंती अशी, की त्या अभ्यासाचे तिन्ही आकडे एकदा चौकटीत छापावेत. आमच्या मंडळींपैकी तिघाचौघांनी तो लेख खरा मानला आणि ‘आपलंच मन हावरं’ म्हणून पुढच्या बैठकीला यायचं नाही म्हणतायत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त टर्नर
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. – पत्र टपालात टाकायच्या आधी घरी वाचून दाखवलं. ‘घराबद्दल समाधानी आहे’ इथं सौभाग्यवतींनी थांबवलं. म्हणाल्या, “रोज पहाटे उठून बंब कोण पेटवतंय? शेणी, ढलप्या कोण आणतंय, धूर कुणाच्या डोळ्यात जातोय? तुमी उठता तवा पाणी कढत असतंय. ऊन पाण्यानं अंघोळ केल्यावर कुणीबी समाधानी हुतंय.” त्यांना गिझर पाहिजे आहे, आणि तो आजचा नाही, थोरल्याच्या लग्नापासून पाहिजे आहे, असं समजलं. आमचा बंब तांब्याचा आहे, वडिलांच्या वेळचा, आणि त्याच्या पाण्याची सर गिझरला येत नाही, असं माझं मत आहे. तेही छापावं. त्यांचं मतही छापावं, कारण त्या म्हणतात की घरातल्या एका माणसाच्या समाधानाचा खर्च दुसरं कोण भरतंय हे लेखकानंही लिहिलं नाही आणि मीही नाही. पंधरा लिटरचा गिझर २,२०० रुपयांत कसा बसवायचा याचा हिशेब चालू आहे. वायरिंग जुनं आहे, ते आधी बदलावं लागेल असं वायरमन म्हणतोय.